रोमँटिक काळातले संगीतकार: सिंफनीआधी गाणी ऐकली तर?

उत्तररात्र (धागाकर्ता)

पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायचंय म्हटलं की सल्ला ठरलेला असतो. बेथोव्हनची पाचवी सिंफनी (सबंध वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना) लावा, मग नववी, मग चायकॉव्हस्की. ऐकणारा पाच-सात मिनिटं तग धरतो. ऐंशी-नव्वद वाद्यं एकदम काय करताहेत, कशाला धरून बसायचं, काही उमगत नाही. मग तो 'आपल्याला झेपणारं नाही हे' म्हणून भीमसेन-किशोरीताईंकडे परततो. (त्यात वाईट काहीच नाही म्हणा.)

मला वाटतं एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक संगीतात मराठी कानाने गाण्यातून शिरावं. एक गायक, एक पियानो, एक कविता, तीन-चार मिनिटं. जर्मन भाषेत या प्रकाराला लीट म्हणतात. कवितेला चाल लावून ती जिवंत करणं आपल्याला भावगीतांमुळे नवीन नाही. फरक एकच आणि तो मोठा आहे: इथे पियानो साथीला नसतो. गायकाला जे बोलता येत नाही ते तो बोलतो.

उदाहरण फ्रान्झ शूबर्टचं. १९ ऑक्टोबर १८१४. व्हिएन्नात वडिलांच्या शाळेत पोरांना शिकवणारा हा सतरा वर्षांचा मुलगा जर्मन महाकवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकातल्या ग्रेटशेनचं गाणं लिहितो. ती सूत कातत बसलीय आणि मन थाऱ्यावर नाही. पियानोचा उजवा हात गरगर फिरतो, ते चाक; खाली डाव्या हातात पायटा चालू. ती प्रियकराचं चालणं, हसणं, हाताचा स्पर्श आठवत जाते, सूर चढत जातात, आणि त्याच्या चुंबनाच्या आठवणीशी चाक थांबतं. पियानो गप्प. मग ते पुन्हा सुरू व्हायला बघतं, अडखळतं, परत प्रयत्न करतं आणि नाइलाजाने फिरू लागतं. जर्मन न कळताही हे कळतं.

पुढच्या वर्षी 'एर्लक्योनिग'. वादळी रात्री बाप आजारी पोराला घेऊन घोडा फेकत निघालाय. पोराला भुतांचा राजा दिसतो, बापाला नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा, चौघांचे आवाज एकाच गायकाने काढायचे. पियानोवाल्याचा उजवा हात टापांनी अक्षरशः भरून येतो. शेवटी घर येतं, टापा थांबतात, आणि मूल गेलंय हे गायक जवळजवळ बोलल्यासारखं सांगतो. शूबर्टच्या मित्रांनी १८१६ मध्ये गटेच्या कवितांवरची ही गाणी खुद्द गटेकडे पाठवली होती. बाड परत आलं, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

सहाशेहून जास्त गाणी लिहून शूबर्ट १८२८ मध्ये गेला, वयाच्या ३१व्या वर्षी. फक्त स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम आयुष्यात एकदाच केला, त्याच वर्षी २६ मार्चला, बेथोव्हनच्या पहिल्या स्मृतिदिनी. त्याआधीच्या वर्षी 'विंटरराइजे' झालं होतं: प्रेमभंग झालेल्या माणसाच्या हिवाळी भटकंतीची चोवीस गाणी. त्यातलं शेवटचं तुम्ही ऐकाच. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा राहून एक म्हातारा हातानं फिरवायचं वाद्य वाजवतोय, वाटीत दमडी नाही, कुत्री गुरगुरताहेत. पियानोच्या डाव्या हातात पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त षड्ज-पंचम. त्या वाद्याचा तो अखंड स्वर आहे, पण तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तिथे घरात आल्यासारखं वाटतं आणि त्याच क्षणी काटा येतो.

शूबर्टपासून शूमान, शूमानपासून ब्राम्स असा एक धागा निघतो. त्यावर प्रतिसादांत बोलू. तुम्ही कुठून सुरुवात केलीत?

शेवंता_०७

वाखूसा (वाचनखूण साठवली). ग्रेटशेन आत्ताच ऐकलं. चाक थांबतं तिथे श्वास थांबला.

तिरकस

लेख छान, मुद्दा अमान्य. कविता कळल्याशिवाय गाणं म्हणजे निम्मं जेवण. जर्मन न येणाऱ्याला गाण्यातून शिरा म्हणणं म्हणजे अवघड दारानेच या म्हणणं. सिंफनीला निदान भाषा तरी नाही.

उत्तररात्र (धागाकर्ता)

@तिरकस, ख्यालातल्या ब्रज बंदिशींचे शब्द आपल्यापैकी कितीजणांना कळतात? पण तुमचा मुद्दा उडवून लावत नाही. इथे शब्दांचं वजन ख्यालापेक्षा जास्तच असतं. म्हणून पथ्य एवढंच: गाण्याआधी कवितेचा अर्थ एकदा वाचायचा, मग कागद बाजूला ठेवून ऐकायचं. ऐकताना ओळीओळीला अर्थ बघत बसलात तर पियानो हातून जातो.

ग्रंथपाल

धागाकर्त्यांनी 'विंटरराइजे'च्या कवीचं नाव घेतलं नाही, ते मी घेतो, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. विल्हेल्म मुल्लर. 'विंटरराइजे' आणि त्याआधीचं १८२३चं 'डी श्योने म्युलरिन' या दोन्ही गीतमाला त्याच्या कवितांवर आहेत. १८२७ मध्ये वयाच्या ३२व्या वर्षी तो डेसाऊला वारला. त्याचा १८२३ साली जन्मलेला मुलगा म्हणजे मॅक्स मुल्लर. हो, तेच. सायणभाष्यासह ऋग्वेद छापणारे आपले भट्ट मोक्षमुल्लर. टिळक १८९७च्या राजद्रोहाच्या शिक्षेत असताना त्यांच्या सुटकेसाठी ज्यांनी शब्द टाकला त्यांत हे होते. आणि त्यांचं 'मॅक्स' हे नावही संगीतातूनच आलं: संगीतकार वेबर त्यांचा धर्मपिता, आणि वेबरच्या 'फ्राइशुट्स' या ऑपेराचा नायक मॅक्स. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जाणाऱ्यांनी पुढच्या खेपेला हे आठवावं.

दुसरं. विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून १७९१ मध्ये 'शाकुंतल' जर्मनमध्ये आलं आणि ती सगळी पिढी त्यावर लुब्ध झाली. शूबर्टने १८२० मध्ये त्यावर ऑपेरा लिहायला घेतला होता, तो अर्धाच राहिला. गोल्डमार्क या संगीतकाराची 'शकुंतला' ओव्हर्चर (वाद्यवृंदाची एकाच भागाची रचना) १८६५ची. आपल्या किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं ते १८८० मध्ये.

जर्मन कवी हाइनेच्या कवितांत तर गंगाकाठ आणि कमळं सारखी येतात. त्याच्या एका कवितेत प्रियेला गाण्याच्या पंखांवर बसवून गंगेच्या तीरी नेतात, तिला मेंडेलसोनने चाल दिली. कमळाच्या कवितेला शूमानने दिली आणि ते गाणं लग्नाची भेट म्हणून होणाऱ्या बायकोला, क्लाराला, दिलेल्या संग्रहात घातलं. या मंडळींपैकी कुणी गंगा पाहिलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

शेवंता_०७

बाप रे, मोक्षमुल्लरांचे वडील! वेद आणि विंटरराइजे एकाच घरातून.

मंद्र_मध्य

भाबडा प्रश्न आहे, हसू नका. मी पंधरा वर्षं पेटी शिकले. राग नसेल तर कान नेमका कशावर ठेवायचा? मला हे संगीत ऐकताना सुंदर तुकडे ऐकू येतात, पण ते कुठे चाललेत कळत नाही.

काळीपांढरी

@मंद्र_मध्य, हसायचं कशाला, खरा प्रश्न हाच आहे. मी पियानो शिकवते, रागसंगीतातून आलेल्या विद्यार्थ्यांना मी आधी शोपँचा एक प्रिल्यूड (पियानोची छोटी रचना) ऐकवते: ओपस २८, चौथा, ई मायनर. दोनेक मिनिटांचा. उजव्या हाताला फारसं काही कामच नाही. एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर जायचं आणि परत यायचं, पुन्हा तेच. नुसती ती ओळ पेटीवर वाजवलीत तर तुमची आई म्हणेल, पुढे सरक की. सगळं घडतं डाव्या हातात. तिथे तीन स्वरांचा झुबका आहे आणि त्यातला कधी हा, कधी तो स्वर अर्ध्या पायरीने खाली घसरतो. वरचा स्वर तोच, पण पायाखालची जमीन सरकत राहते आणि दर वेळी त्याच स्वराचा अर्थ बदलतो.

आपल्याकडे षड्ज अचल असतो आणि स्वर त्याच्याशी नातं सांगतात. इथे षड्जच बदलतो, किंवा बदलेल की काय अशी हुरहुर लावून ठेवतो. रोमँटिकांनी ती हुरहुर लांबवत नेली. शूमानच्या 'डिख्टरलीबे'मधलं पहिलं गाणं ऐका, मे महिन्याचं. ते सुटतच नाही. ज्या कॉर्डनंतर (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या झुबक्यानंतर) काहीतरी यायलाच हवं अशा कॉर्डवर ते संपतं आणि तुम्ही अधांतरी. म्हणून पेटीवर दोन्ही हात वापरा. उजव्या हाताने एकच स्वर धरून ठेवा आणि डाव्याने खालचे बदला. तासाभरात अर्धी गोष्ट कळेल.

शोपँबद्दल अजून थोडं, तो माझा माणूस आहे. १८१०चा जन्म, वॉर्सॉजवळचा. नोव्हेंबर १८३०च्या सुरुवातीला त्याने वॉर्सॉ सोडलं, महिना संपायच्या आत तिथे रशियाविरुद्ध उठाव झाला आणि तो पुन्हा कधी मायदेशी गेला नाही. पॅरिसात शिकवण्या करून राहिला. मोठ्या सभागृहांचा त्याला तिटकारा. आयुष्यभरात त्याचे जाहीर कार्यक्रम तीसच्या आसपास. मझुर्का मात्र पन्नासहून जास्त. गावाकडच्या नाचाची लय पॅरिसच्या दिवाणखान्यात नेऊन ती इतकी वैयक्तिक करून टाकली की त्यावर नाचणं अशक्य. त्याच्या लयीबद्दल शिष्यांनी लिहून ठेवलंय: डावा हात ठेक्यात, उजवा मोकळा. रुबाटो म्हणतात त्याला. ठेका सोडून अंगविक्षेप करणाऱ्या पियानोवाल्यांनी हे वाचलेलं नसावं. तो १८४९ मध्ये पॅरिसला गेला. बहिणीने त्याचं हृदय वॉर्सॉला नेलं, ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे.

मंद्र_मध्य

काळीपांढरीताई, तुम्ही सांगितलंत तसं पेटीवर करून पाहिलं. घरातले विचारायला आले काय झालं म्हणून! मंडळ आभारी आहे.

बीडकाम

संगीतातलं कळत नाही, ओतकामातलं कळतं, म्हणून त्या बाजूने. ही सगळी भावनांची उलथापालथ चालू होती तेव्हा पियानो स्वतः बदलत होता हे कुणी बोललं नाही. जुन्या पियानोचा सांगाडा लाकडी. तारा जास्त ताणल्या की लाकूड वाकणार, म्हणून तारा बारीक, आवाज बेताचा. १८२५ मध्ये बॉस्टनच्या बॅबकॉकने सबंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे ताण वाढत वाढत आजच्या मोठ्या पियानोत सगळ्या तारांचा मिळून वीसेक टनांवर गेला. पियानोवादक-संगीतकार लिस्टला जो दणका मिळाला त्यात या लोखंडाचा वाटा आहे. त्याआधी १८२१ मध्ये पॅरिसच्या एरारने पट्टी पूर्ण वर न येताच हातोडी पुन्हा मारता येईल अशी यंत्रणा काढली. म्हणून तोच स्वर झपाझप वाजवता येतो. वर 'एर्लक्योनिग'च्या टापांचं लिहिलंय, त्या १८१५च्या, म्हणजे या सोयीच्या आधीच्या. त्या पियानोवाल्यांना दंडवत.

हॉर्न-ट्रम्पेटला व्हॉल्व्ह आले तेही याच सुमाराला, जर्मनीत पेटंट १८१८चं. त्याआधी ते वाद्य ठरावीक स्वरच सहज काढायचं. वागनर-ब्रुकनर या संगीतकारांच्या पितळी वाद्यांच्या भिंतीमागे ही कारागिरी आहे.

तिरकस

+१ बीडकाम. धाग्यातला पहिला प्रतिसाद ज्यात कुणी क्षयाने मरत नाही.

परदेशी_पाटील

मी लाइपझिगमध्ये राहतो, त्यामुळे गप्प बसवेना. या धाग्यातली निम्मी माणसं माझ्या ऑफिसच्या वाटेवर राहत होती. मेंडेलसोन १८३५ मध्ये इथल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाचा प्रमुख झाला आणि १८४३ मध्ये त्याने इथे संगीत महाविद्यालय काढलं. त्याचं राहतं घर आता संग्रहालय आहे. शूमान दांपत्याचं लग्नानंतरचं घरही पाहता येतं.

शूमान नुसता संगीतकार नव्हता, संपादक होता. १८३४ मध्ये इथूनच त्याने संगीताचं नियतकालिक काढलं आणि दुसऱ्यांची भरभरून स्तुती केली. शोपँ जर्मनीत कुणाला फारसा ठाऊक नव्हता तेव्हा १८३१च्या लेखात 'टोप्या काढा, सद्गृहस्थहो, हा प्रतिभावंत आहे' असं लिहिणारा हाच. व्हिएन्नाला गेला असताना शूबर्टच्या भावाकडे धूळ खात पडलेली सी मेजरची मोठी सिंफनी त्याला सापडली. ती त्याने इकडे धाडली आणि मार्च १८३९ मध्ये मेंडेलसोनने ती वाजवली. शूबर्टला जाऊन तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. १८५३ मध्ये, शूमान डुसेलडॉर्फला असताना, वीस वर्षांचा ब्राम्स दारात येऊन उभा राहिला, तर महिनाभरात त्याच्यावर लेख. चार महिन्यांनी शूमानने ऱ्हाइन नदीत उडी घेतली. वाचवलं, पण उरलेली अडीच वर्षं मनोरुग्णालयात गेली.

कुंकवाचा_करंडा

क्लारा शूमानला 'दांपत्या'त गुंडाळू नका, पाटील. १८३५ मध्ये सोळा वर्षांच्या क्लाराने स्वतःचा पियानो कॉन्सर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) गेवांडहाउसमध्ये वाजवला तेव्हा वाद्यवृंद मेंडेलसोन चालवत होता, आणि रॉबर्टचं नाव लाइपझिगबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी लग्नाला इतका विरोध केला की प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागून १२ सप्टेंबर १८४० रोजी लग्न झालं, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्याच वर्षात रॉबर्टने शंभरावर गाणी लिहिली आणि सगळे त्याला 'गाण्यांचं वर्ष' म्हणतात. क्लाराच्या त्या वर्षाला कुणी नाव ठेवलेलं नाही.

आठ बाळंतपणं. नवरा मनोरुग्णालयात गेला तेव्हाही ती गरोदर होती. दौरे करून घर तिने चालवलं, तो गेल्यावर आणखी चाळीस वर्षं जगली, पण नवं लिहिणं जवळपास थांबलं. १८४६चं तिचं जी मायनरमधलं त्रिकूट (पियानो, व्हायोलिन, चेलो) ऐका आणि मग ठरवा काय थांबलं ते. युरो येण्याआधीच्या शेवटच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता, हे बरं झालं.

मेंडेलसोनची बहीण फॅनी. चारशेहून जास्त रचना. वडिलांनी लहानपणीच सांगून टाकलं की फेलिक्सला संगीत हा पेशा होईल, तुला दागिनाच राहील. तिची काही गाणी भावाच्या नावावर छापली गेली. १८४२ मध्ये फेलिक्स बकिंगहॅम राजवाड्यात गेला तेव्हा राणी व्हिक्टोरियाने त्याच्या संग्रहातलं आवडतं गाणं गाऊन दाखवलं, आणि त्याला कबूल करावं लागलं की हे माझ्या बहिणीचं आहे. १८४६ मध्ये फॅनीने अखेर स्वतःच्या नावाने छापायला सुरुवात केली, मे १८४७ मध्ये ती गेली. सहा महिन्यांत फेलिक्सही गेला, ३८व्या वर्षी.

उत्तररात्र (धागाकर्ता)

करंडाताई, मूळ धाग्यापेक्षा हा प्रतिसाद मोलाचा. फॅनीची 'दास यार' ही बारा महिन्यांची पियानोमालाही नवख्यांनी जरूर ऐकावी.

पार_वाजले

ब्राम्सचा विषय निघालाय तर ती प्रसिद्ध भांडणं येऊ द्या. आपल्या घराण्यांची हमरीतुमरी फिकी पडेल.

एका बाजूला वायमारला बसलेला लिस्ट आणि स्वित्झर्लंडात परागंदा झालेला वागनर. यांचं म्हणणं, बेथोव्हननंतर सिंफनीचा जुना साचा संपला; आता संगीताने काव्य-नाट्याशी लग्न लावावं. दुसरीकडे क्लारा, व्हायोलिनवादक योआखिम आणि तरुण ब्राम्स. यांतल्या ब्राम्स-योआखिमनी १८६० मध्ये त्या नव्या पंथाविरुद्ध जाहीरनामा काढायचं ठरवलं, तो वेळेआधीच फुटला आणि छापून आला तेव्हा खाली सह्या चारच! विरोधकांनी यथेच्छ टिंगल केली. ब्राम्स त्यानंतर अशा पत्रकांच्या वाटेला गेला नाही. पहिल्या सिंफनीचे कच्चे खर्डे विशीत सुरू केलेले, ती वाजली नोव्हेंबर १८७६ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी. बेथोव्हनचं ओझं, दुसरं काय. आणि गंमत बघा, वागनरचा बायरॉइटचा खास रंगमंच उघडून चार ऑपेरांचं 'रिंग' तिथे झालं तेही त्याच वर्षी.

वागनर सूड विसरणारा नव्हता. व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिक ब्राम्सच्या बाजूचा, तर वागनरने 'माइस्टरझिंगर' या ऑपेराच्या एका खर्ड्यात त्यातल्या रटाळ नियमबाज पात्राचं नावच 'हान्सलिख' ठेवलं होतं. पुढे बदललं.

तिरकस

वागनरचं कौतुक चाललंय तर १८५० सालचा त्याचा तो ज्यूद्वेषी लेखही सांगा. मेंडेलसोन जाऊन तीन वर्षं झाली होती आणि हा टोपणनावाने लिहितो की ज्यूंना अस्सल संगीत जमणंच शक्य नाही. छापला कुठे? शूमानने काढलेल्या त्याच नियतकालिकात. पुढे १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने पुन्हा छापला, म्हणजे तारुण्यातला आगाऊपणा म्हणायचीही सोय नाही.

परदेशी_पाटील

त्याचं पुढे काय झालं ते इथे उभं आहे. गेवांडहाउससमोरचा मेंडेलसोनचा पुतळा नाझींनी १९३६ मध्ये हटवला. आता आहे तो २००८ मध्ये थॉमस चर्चपाशी बसवलेला, जुन्याबरहुकूम केलेला. ज्या बाखची 'मॅथ्यू पॅशन' ही मोठी धार्मिक गायनकृती मेंडेलसोनने १८२९ मध्ये, विसाव्या वर्षी बर्लिनमध्ये पुन्हा लोकांसमोर आणली, त्या बाखच्या चर्चपाशी.

पार_वाजले

तिरकस, लेख घाणेरडा आहे, दुमत नाही. पण वागनरच्या 'ट्रिस्टान' या ऑपेराची पहिली कॉर्ड ऐकली की माझा नाइलाज होतो. हा पेच मुंबईच्या माणसाने सगळ्यांदेखत अंगावर घेतला होता. झुबिन मेहता १९८१ मध्ये तेल अवीवला इस्राएल फिलहार्मोनिकबरोबर होते. ठरलेला कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सांगितलं की आता वागनर वाजवणार, ज्यांना जायचंय त्यांनी जावं. 'ट्रिस्टान'चाच शेवट. सभागृहात हलकल्लोळ झाला. छळछावण्यांतून वाचलेली माणसं समोर बसलेली असताना हे करावं का? मला विचाराल तर करू नये. घरी एकट्याने ऐकणं निराळं.

तिरकस

इथे पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. नोंद घ्यावी.

दोनापावला

इथले बरेच मुंबई-पुण्याचे दिसतात. आमच्या गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवायचे. तिथूनच मुंबईत गेलेले वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. चित्रपटसंगीतातल्या व्हायोलिनच्या ताफ्यांची लिखावट करणारे संयोजक सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सगळे गोंयकार. तेव्हा 'हे संगीत आपल्या कानावर नाही' म्हणू नका. चायकॉव्हस्कीच्या जातीची ती व्हायोलिनं तुम्ही लहानपणापासून रेडिओवर ऐकताय, नाव माहीत नव्हतं इतकंच.

खानोलकर_नव्हे

चायकॉव्हस्कीचं नाव आलंच आहे तर तबलेवाल्यांसाठी एक गंमत. त्याच्या सहाव्या, 'पाथेटिक' सिंफनीचा दुसरा भाग पाच मात्रांचा आहे, दोन-तीन असा विभागलेला. दोन आवर्तनं मिळून सरळ झपताल. युरोपातल्या समीक्षकांना ते लंगडणारं वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच) वाटलं, आपण हातावर २-३-२-३ धरून निवांत ऐकू शकतो. मी मित्राला फक्त एवढं सांगून बसवलं तर सबंध सिंफनी ऐकून उठला. तेव्हा सिंफनीत शिरायलाही वाट आहे, धागाकर्ते!

ही सिंफनी त्याने स्वतः २८ ऑक्टोबर १८९३ रोजी पीटर्सबर्गला चालवली आणि नऊ दिवसांनी तो गेला. शेवटचा भाग जोशात संपण्याऐवजी खाली खाली जात विझतो. त्याआधीचा तिसरा भाग इतका दणक्यात संपतो की सिंफनी संपली असं समजून लोक टाळ्या देतात. सभागृहात गेलात तर सावध.

त्याची नादेझ्दा फॉन मेक या श्रीमंत विधवेशी तेरा-चौदा वर्षं मैत्री होती. ती वर्षाला ६,००० रुबल द्यायची, हजाराच्या वर पत्रं झाली, आणि अट एकच: भेटायचं नाही.

बीडकाम

रशियनांत माझा माणूस बोरोदिन. पेशाने रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आल्डोल अभिक्रियेवर काम केलेला, स्त्रियांसाठी वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू व्हावेत म्हणून झटलेला. संगीत सुट्टीत. 'प्रिन्स इगोर' हा ऑपेरा अठरा वर्षांत पुरा झाला नाही, तो वारल्यावर रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी पुरा केला. त्याची दुसरी क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) ऐकून बघा, तिसरा भाग.

शेवंता_०७

द्वोर्झाकला सगळे विसरले का? मला तर सगळ्यात आधी तोच आवडला.

कुंकवाचा_करंडा

विसरलो नाही, शेवंता. खाटकाचा मुलगा, प्रागजवळचा. सरकारी शिष्यवृत्तीसाठी पाठवलेल्या त्याच्या रचना परीक्षक ब्राम्सच्या नजरेत भरल्या. १८७७ मध्ये ब्राम्सने आपल्या झिमरॉक या प्रकाशकाला लिहिलं की या माणसाचं छाप. पुढच्या वर्षी 'स्लाव्हॉनिक डान्सेस' आले आणि हातोहात खपले. द्वोर्झाक १८९२ ते ९५ न्यूयॉर्कला शिकवत होता तेव्हा इकडे त्याची मुद्रितं कुणी तपासली माहितेय? खुद्द ब्राम्सने. खडूस म्हणून ख्याती असलेल्या माणसाची ही बाजू कुणी सांगत नाही.

'न्यू वर्ल्ड' सिंफनीतली ती संथ धून त्याने इंग्लिश हॉर्नला (ओबोच्या जातीच्या फुंकवाद्याला) दिली. त्याचा कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली त्याला गुलामांची आध्यात्मिक गाणी गाऊन दाखवायचा. धून मात्र द्वोर्झाकची. शब्द त्याच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने १९२२ मध्ये बसवले आणि लोक तिला लोकगीत समजू लागले.

रंगपट

एवढ्या प्रतिसादांत वेर्दी एकदाही नाही! धागा जर्मनांनी पळवलेला दिसतो. 'रिगोलेत्तो' १८५१, 'त्राव्हियाता' १८५३. इटलीत रस्त्यावरचा माणूस त्याच्या चाली गुणगुणायचा. म्हाताऱ्या, निराधार गायक-वादकांसाठी त्याने मिलानमध्ये पदरच्या पैशाने घर बांधलं. आपण असेपर्यंत उघडायचं नाही, म्हणजे आभार मानायला कुणी यायला नको. १९०२ मध्ये उघडलं, आजही चालू आहे. तो आणि त्याची बायको तिथेच पुरलेत. संगीत नाटकाच्या महाराष्ट्राने खरं तर ऑपेराच्या दाराने शिरायला हवं.

उत्तररात्र (धागाकर्ता)

रंगपट, वेर्दीवर स्वतंत्र धागा काढाच. इथे कोंबला तर त्याच्यावर अन्याय होईल. बर्लियोजवर आणि लिस्टवरही कुणी काढेल तर उत्तम.

व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बरेच जण 'नेमकं काय लावू' विचारताहेत. मी असं करीन. ग्रेटशेन आणि एर्लक्योनिग पहिल्या दिवशी. मग 'डिख्टरलीबे', सोळा गाणी, अर्धा तास. फ्रिट्झ वुंडरलिखचं ध्वनिमुद्रण घ्या, आवाजात नुसती सकाळ आहे. 'विंटरराइजे'साठी सगळे गायक फिशर-डीस्काऊ आणि पियानोवर जेराल्ड मूर सांगतील, ते योग्यच आहे, पण हे गाणं पुरुषांचंच असा समज नको: क्रिस्टा लुडविग आणि ब्रिगिटे फासबेंडर दोघींनीही गायलंय. मधे चव बदलायला काळीपांढरींचा प्रिल्यूड आणि क्लाराचं त्रिकूट. मग खानोलकर_नव्हे यांच्या झपतालाने चायकॉव्हस्की. ब्राम्स सगळ्यात शेवटी, चौथी सिंफनी, वाद्यवृंदसंचालक कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक. तिचा शेवटचा भाग म्हणजे आठ मापांचं एकच सूत्र, त्यावर तीस आवर्तनं. मंद्र_मध्य, ते सूत्र आधी पेटीवर बसवून मग ऐका आणि कितव्या आवर्तनाला हरवलात ते इथे लिहा.

मंद्र_मध्य

बाराव्या. बासरी आली आणि मोजणं राहूनच गेलं.